कोटवाल्या पिक्चरचा गेम

त्या वर्षांत मी हिंगणघाटच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. राहायला समुद्रपूरला. सकाळची पहिली एसटी पकडायची, दिवसभरात सहा बॅच घ्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने बहुतेकदा उभ्यानेच परत यायचं. प्रत्येक बॅचला तेच सांगायचं. याला माउस म्हणतात, फाइल सेव्ह करा, सेव्ह केली नाही तर जाते. शिकवताशिकवता माझे डोळे मिटतात, हे एका विद्यार्थिनीनेच मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं. क्लास कापडाच्या दुकानावर, पत्र्याखाली. दुपारी भारनियमन. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर कसेबसे चालायचे, पंखे चालायचे नाहीत.

अशाच एका मे महिन्यात आई मला म्हणाली, "तुह्या संग त्याले नेत जाय. दिवसभर भिंतीकडे पाहून राह्यते नुसता. मले पाहवत नाई."

तो म्हणजे माझा दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते, आणि दादाने शाळा सोडून ट्रकवर क्लीनरचं काम धरलं. पुढे तो ड्रायव्हर झाला. हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या मालकाची गाडी तो चालवायचा, कापसाच्या गाठी घेऊन कधी हैदराबादकडे, कधी नागपूरकडे. माझं कॉलेज त्याच्या गाडीवर झालं. पण मी सांगते आहे त्या उन्हाळ्यापर्यंत त्याने गाडी सोडून चार वर्षं झाली होती. मालकाने त्याला जिनिंगमधल्या वजनकाट्यावर बसवलं होतं. कापसाचा हंगाम संपला की काटाही बंद. मग दादा घरी.

काय झालं होतं ते तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. जामकडे जाताना, भर दुपारी, सायकलवर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा घेऊन जाणारा एक माणूस शेतातून एकदम हायवेवर आला. भारा एवढा मोठा की त्याला स्वतःला काही दिसत नसावं. ट्रकची बाजू त्याला लागली. क्लीनर त्या दिवशी सुटीवर होता, दादा एकटाच होता. त्याने गाडी तिथेच थांबवली, वळवली, त्या माणसाला केबिनमध्ये घेतलं आणि हिंगणघाटच्या दवाखान्यात आणलं. तो वाटेतच गेला. सडकेवर लोक जमले होते, पण कुणी दादाला बोटही लावलं नाही. इतर ड्रायव्हर पळून जातात, हा माणूस थांबला, असं जो तो म्हणाला. मालकाने तर काट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं. कोर्टातही पुढे दादा निर्दोष सुटला. मालक म्हणायचे, "पुढच्या महिन्यापासून धर स्टिअरिंग." दादा हो म्हणायचा. असे चार वर्षं पुढचे महिने आले आणि गेले. वहिनी आधी त्याला समजवायची, मग तिने तेही सोडलं.

तर त्या मे महिन्यापासून दादा माझ्याबरोबर क्लासला येऊ लागला. सकाळी माझ्या मागोमाग बसमध्ये चढायचा. दोन डबे त्याच्या हातात असायचे. क्लासमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा, मुलं गेली की खुर्च्या सारख्या करायचा, माठ भरून ठेवायचा. आमच्या सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, त्याचं काही वाटलं नाही. उलट ते म्हणाले, "रहने दो, मॅडम. घरच्यासारखंच आहे."

सुटीत मुलं क्लासकडे फिरकत नाहीत म्हणून सरांनी त्या वर्षी दुपारचा एक तास गेमसाठी ठेवला होता. नागपूरहून त्यांनी काही सीड्या आणल्या. एक गेम एवढा जड होता की तो फक्त त्यांच्या केबिनमधल्या नव्या मशीनवर चालायचा. मी तो टाकायला बसले. पडद्यावर आधी काळोख, मग पावसात भिजलेला एक रस्ता, एक लांब काळी मोटार आणि तिच्याशेजारी हॅट घातलेला, गुडघ्यापर्यंत कोट असलेला एक माणूस. दादा मागे माठापाशी उभा होता. तो म्हणाला, "अवो, हा तं कोटवाला पिक्चर हाय."

तोच होता. नावही तेच. मी ते नाव कधी नीट वाचलंच नव्हतं, कारण आमच्या तोंडी तो कायम कोटवाला पिक्चरच होता.

मी आठवीत असताना दादाने मला तो दाखवला होता. हिंगणघाटच्या बसस्टँडमागे तेव्हा एक व्हिडिओ हॉल होता. दारांना गोणपाट, बसायला लाकडी बाकं, समोर एक टीव्ही. तिथे मुली जात नसत. दादाने तो पिक्चर चार वेळा पाहिला होता आणि घरी आला की त्यातली गाडी कशी वळते, हे जेवताना ताटातल्या पोळीवर दाखवायचा. मी हट्टच धरला. आईला सांगितलं, दप्तर आणायला जातो. हॉलमध्ये मी एकटीच मुलगी. दादाने मला भिंतीकडे बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला असा बसला की मला टीव्ही आणि त्याचा खांदा एवढंच दिसावं.

पिक्चर इंग्रजी. हॉलमधल्या कुणालाच काही कळत नव्हतं. दादाने मला कानात सगळी गोष्ट सांगितली. "हा म्हातारा दिसते ना, हा याचा मामा. लय डेंजर माणूस. मामाले वाटते, भाच्यानं आपला धंदा पाहावा. भाचा म्हणते, मले नाई पाह्यजे, मी आपली मोटार घेऊन दुसऱ्या गावाले जातो." मग गोळीबार झाला, मोटारी एकामागे एक पळाल्या, शेवटी भाचा आपल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर पडला. मी रडले. दादा म्हणाला, "हात पाह्यले काय त्याचे? मरते त्या टायमालेही स्टिअरिंग नाई सोडलं."

आता इतक्या वर्षांनी केबिनमध्ये बसून मी पडद्यावरचं इंग्रजी वाचत होते. म्हातारा टोळीचा म्होरक्या होता. तो मामा वगैरे कुणाचाच नव्हता. ज्याला आम्ही भाचा समजत होतो तो त्याचा पगारी ड्रायव्हर होता.

"दादा, हा मामा नाई हाय त्याचा," मी म्हणाले.

"हो का?" तो म्हणाला. "मले तं मामाच वाटे." आणि हसला. मी त्याला किती दिवसांनी हसताना पाहिलं ते मला आठवेना. म्हणून मी उठले आणि त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं.

गेममध्ये आपण तो ड्रायव्हर व्हायचं. म्हाताऱ्याची माणसं काम सांगतात. याला इथून तिथे ने, ती पेटी बंदरावर पोचव, अमक्याचा पाठलाग कर. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतं. वेळेत पोचलं तर पुढचं काम, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. शहर मोठं, रस्त्यावर माणसं चालताहेत, बायका छत्र्या घेऊन उभ्या आहेत, दुकानं उघडी आहेत. दादाला बाणांची बटणं समजायला दोन दिवस लागले. त्यानंतर गाडी अशी चालवायला लागला की मुलं मागे उभी राहून बघायची. वळणावर वेग कसा कमी व्हायचा, मग गाडी कशी सुटायची. फक्त एकच अडचण होती. तो लाल दिव्याला थांबायचा. कुणी रस्ता ओलांडत असेल तर थांबायचा. घड्याळ संपायचं, पडद्यावर लाल अक्षरं यायची, आणि मुलं कपाळावर हात मारायची.

"काका, दाबा ना! कोणी नाई काही म्हणत."

"समोर माणूस हाय ना, बाबू."

"तो खोटा हाय, काका!"

"मालूम हाय मले," दादा म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

पहिली दोन-तीन कामं त्याने तरीही पार केली. गल्लीबोळातून, जिथे गर्दी नाही अशा वाटा शोधून. त्यासाठी तो शहरभर नुसता हिंडायचा. कुठला रस्ता कुठे निघतो ते त्याने माझ्या जुन्या वहीच्या मागे काढून ठेवलं होतं. पण चौथं काम अडलं. एका जखमी माणसाला गाडीत घालून बाजारपेठेतून बंदरावर पोचवायचं होतं, मागे पोलीस. दुसरी वाटच नव्हती. दादा रोज एक तास ते करायचा आणि रोज बाजारात थांबायचा. जून गेला, मुलांची सुटी संपली, सरांचा गेमचा तासही संपला. दादा मात्र दुपारी केबिन रिकामी असली की बसायचा. घरी आईला बरं वाटत होतं. "काहीतं करून राह्यला," ती म्हणायची. मला बरं वाटायला वेळ नव्हता. सकाळची बस, सहा बॅच, संध्याकाळची बस.

त्या पावसाळ्यात सांधे धरणारा ताप आला. घरोघरी माणसं भिंतीला धरून चालायची. मलाही झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण दुखणं राहिलं. बोटं सकाळी मुठीतच असायची, ती एकेक करून सरळ करावी लागायची. दहा दिवसांनी मी कामावर गेले कारण जावंच लागणार होतं. जिन्याच्या पंधरा पायऱ्या चढायला दादाने मला हात दिला.

त्या दिवशी दुपारी दोन बॅचच्या मध्ये मी केबिनमध्ये टेकले होते. दादा तेच चौथं काम करत होता आणि पुन्हा बाजारात थांबला होता. लाल अक्षरं आली. मला वाटतं, मी चिडले. अंग दुखत होतं आणि ती लाल अक्षरं मी तीन महिने बघत होते.

तो म्हणाला, "तू चालव. एकदा पुढचं काय हाय ते पाहू."

मी चालवलं. मला गाडी चालवता येत नव्हती, गेममध्येही नाही. मी फक्त पुढच्या बाणावर बोट दाबून धरलं. वाकडं बोट दुखत होतं म्हणून उचललंही नाही. गाडी बाजारात घुसली. एक भाजीची गाडी उडाली. छत्रीवाली एक बाई बाजूला पडली. टोपी घातलेला एक माणूस समोर आला आणि धप्प आवाज झाला. मी थांबले नाही. मागे पोलिसांचा भोंगा होता, तो लांब गेला. बंदर आलं. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, वाजंत्री वाजली. काम फत्ते.

"झालं," मी म्हणाले. "आता पुढचं तू कर."

दादा पडद्याकडे बघत होता. "तो उठला काय?"

"कोण?"

"मागचा. टोपीवाला."

"दादा, गेम हाय हा."

"मालूम हाय मले. जरासाक मागे घे. पाहू दे."

मला पुढच्या बॅचची तयारी करायची होती. पण त्याचा आवाज असा होता की मी मुकाट्याने गाडी वळवली आणि हळूहळू बाजारात आणली. भाजीची गाडी जागच्या जागी होती. माणसं चालत होती. टोपीवाला कुठेच नव्हता.

"इथेच होता," दादा म्हणाला.

"नाहीसे होतात ते. आपण दूर गेलो की गेम त्यायले काढून टाकते."

 दादा खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "मी थांबलो नव्हतो."

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी. आवाज आला. आरशात पाह्यलं तं पऱ्हाट्या सडकेवर पसरल्या होत्या. पाय ब्रेकवर जायले पाह्यजे होता. नाई गेला. मले वाटलं, आता लोक जमतीन, मारतीन. पाय खालीच दाबल्या गेला. नाल्याचा पूल गेला. ढाबा आला तिथे गाडी आत घेतली अन् बसून राह्यलो. चाबी हातात. दहा मिनिटं असतीन, जास्तही असतीन. मग गाडी वळवली अन् परत आलो."

"पण सगळे तं म्हणत होते..."

"सगळे मागून आले. त्यायनं पाह्यलं तं मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, अन् गाडीचं तोंड हिंगणघाटकडे होतं. तेच म्हणाले, दवाखान्यात न्यायसाठी वळवली यानं. मी काई बोललो नाई. पोलिसात नाई बोललो, कोर्टात नाई बोललो. तुह्या वहिनीले बी नाई."

"अन् तो? तू परत आला तेव्हा?"

"जिवंत होता. पाणी मागे. मी पाजलं."

खालच्या दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता. जिन्यावर पुढच्या बॅचची मुलं चढत होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. दहा मिनिटांनी काय फरक पडला असता, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, असं काहीही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की आता मला तीन ते चारची बॅच घ्यायची आहे. मी गेले आणि घेतली. याला माउस म्हणतात. दादा केबिनमध्येच बसून होता. परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. चार वर्षं त्याने सांभाळलं होतं, आणि आता ते मलाही सांभाळावं लागणार होतं.

आठवड्याने तो म्हणाला, "मी तिच्याकडे जातो. सांगून येतो."

"कोणाकडे?"

"त्याच्या बाईकडे."

मी म्हणाले, "कशाले? चार वर्षं झाली." पण रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. तो एकटा जाईल आणि दारातूनच परत येईल, असं मला वाटलं होतं.

जामच्या अलीकडे, हायवेपासून आत, चाळीस-पन्नास घरांचं खेडं. बस फाट्यावर सोडते, पुढे पायी. चिखल होता. दादाने चपला हातात घेतल्या. आम्ही पोचलो तेव्हा ती बाई निंदायला निघाली होती. वयाने माझ्याहून थोडीच मोठी असेल. डोक्याला फडकं बांधून झालं होतं, हातात खुरपं आणि भाकरीचं गाठोडं. तिने दादाला लगेच ओळखलं.

"तुमी ड्रायव्हर ना जी?" ती म्हणाली. "या. बसा." खुरपं बाजूला ठेवून तिने आतून दोन गडवे पाणी आणलं. मला म्हणाली, "लय देवमाणूस आहे हा. माह्या माणसाले एकटं मरू नाई देल्लं."

दादाने पाणी घेतलं नाही. उभ्यानेच सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, पूल, ढाबा, हातातली चाबी. मध्ये एकदाही थांबला नाही. ती ऐकत होती.  दोन कोंबड्या तिच्या पायाशी आल्या, तिने त्यांना हाकललं नाही.

मग तिने विचारलं, "एवढा वेळ तो एकटाच होता?"

"हो."

"उन्हात?"

"हो."

ती खाली बसली. बाहेरून बायकांनी तिला हाक मारली.  ती दादाला म्हणाली, "आता काऊन सांगून राह्यले तुमी?"

दादा म्हणाला, "मले राहवलं नाई."

"तुमाले राहवलं नाई," ती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. "चार वर्षं मी पोरीले सांगत आली का तुह्या बापाजवळ माणूस होता. एकटा नव्हता तो. मी बी तेच धरून झोपली. आता हे घेऊन मी काय करू? पोरीले काय सांगू? तुमी तं सांगून मोकळे झाले."

"मी मोकळा नाई झालो, बाई."

"तं कशाले आले मंग?"

  बायकांनी पुन्हा हाक मारली. ती उठली, फडकं नीट केलं, खुरपं घेतलं. "मले कामाले जा लागते," ती म्हणाली. "गडवे तिथेच ठेवजा." आणि आमच्या पुढून निघून गेली. वळणावर ती बायकांमध्ये मिसळली, आणि कोणत्या फडक्याची ती, हे मला ओळखू येईना.

फाट्यावर बसची वाट बघत आम्ही तासभर बसलो. दादाच्या पायांवरचा चिखल वाळला. मी त्याला विचारलं, "बरं वाटते का आता?"

"नाई," तो म्हणाला.  "तिचं बरोबर हाय."

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने आई आणि वहिनीला बसवून सगळं सांगितलं. आई भडकली. "तुले कोनी विचारलं होतं? कोर्टानं सोडलं, लोकायनं सोडलं. तूच काऊन उकरून राह्यला?"  वहिनीने जेवण वाढलं. पुढे कित्येक दिवसांनी विहिरीवर ती मला म्हणाली, "मले वाटे, मीच काई कमी पडून राह्यली. म्हणून हा असा झाला." तिच्या वाट्याला ती चार वर्षं अशी गेली होती, आणि एकाच घरात राहून मला ते माहीत नव्हतं.

दादा लगेच बरा झाला वगैरे काही नाही. त्याची झोप तेवढीच कमी राहिली. गेमला मात्र तो पुन्हा बसला नाही. दसऱ्याच्या आसपास, हंगाम सुरू व्हायच्या आधी, तो मालकांकडे गेला आणि त्यांनाही त्याने खरं काय ते सांगितलं. मग म्हणाला, मी यापुढे गाडी चालवणार नाही, पुढच्या महिन्यापासूनही नाही, मला विचारू नका.  मालकांनी त्याला काढलं नाही. पण काट्यावर येणाऱ्या लोकांना त्याची गोष्ट सांगणं त्यांनी बंद केलं. काही जुने ड्रायव्हर दादाशी बोलेनासे झाले. एक जण त्याच्या तोंडावर म्हणाला, "आमी तुह्यं नाव घेऊन पोरायले शिकवत होतो ना बे." दादाने तेही ऐकून घेतलं.

त्याच हंगामात काट्यावर कॉम्प्युटर आला. वजन आपोआप पडद्यावर यायचं, गाडीचा नंबर टाकायचा, पावती छापायची. मालक नवा माणूस शोधत होते. दादा म्हणाला, मला येतं. कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस शिकवायला तीन दिवस राहणार होता, एका दिवसात परत गेला. तीन महिने बटणं दाबून दादाची बोटं बसली होती. त्याने मला कौतुकाने सांगितलं नाही. कामावरून आल्यावर पाय धुता धुता सहज सांगितलं. मी "बरं झालं" म्हणाले आणि आडवी झाले. माझी बोटं अजूनही सकाळी वळत नव्हती.

डिसेंबरमधली एक संध्याकाळ. कापूस वेचणी जोरात होती आणि बस वेचणाऱ्या बायकांनी भरलेली. मला हिंगणघाटहूनच खिडकीजवळ जागा मिळाली होती. वाटेत एका थांब्यावर बायकांचा घोळका चढला, कमरेच्या ओट्यांना कापसाचे पुंजके चिकटलेले, हात ओरबाडलेले. त्यातली एक माझ्या शेजारी येऊन बसली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. तीच होती. उठून जाईल असं मला वाटलं. बसमध्ये दुसरी जागाच नव्हती.

आम्ही दोघी समोर बघत होतो. मग ती म्हणाली, "भाऊ काय करते?"

"काट्यावर आहे."

"गाडी?"

"नाई चालवत."

"हं," ती म्हणाली.  "पोरीले सांगतलं मी. मोठी होऊन दुसरीकडून कळण्यापरीस."

"काय म्हणाली?"

"काई नाई म्हणाली. दोन दिवस जेवली नाई. मंग जेवली."

 तेवढ्यात तिचं डोकं कलंडलं. ती झोपली होती. दिवसभर वाकून वेचणाऱ्या माणसाची झोप, एका क्षणात येते. खड्डा आला तसं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि तिथेच राहिलं. माझा खांदा दुखत होता. मी हलले नाही. नाल्याचा पूल आला आणि गेला, ढाबा गेला. तिच्या गावचा फाटा जवळ आला तेव्हा मी कंडक्टरला हाताने खूण केली, बस थांबली, आणि मी तिला हळूच हलवलं.

"तुमचा फाटा आला."

ती दचकून उठली, पदर सावरला, पायाशी ठेवलेलं गाठोडं उचललं आणि इतर बायकांमागे खाली उतरली.